'दमानं घे' म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी शिकणारे, मराठीतून भाषांतर करणारे, आणि घरात मराठी बोलूनही मुलांनी विचारल्यावर अडकणारे आईबाप, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून या एकाच शब्दावर येतात. म्हणून सगळे एकत्र केलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय निघाला तर तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तेच तेच परत लिहीत बसलो नाहीये.

१. 'दमानं घे' म्हणजे काय, एका वाक्यात सांगा.

घाई करू नको, तापू नको, जे चाललंय ते श्वास पुरेल एवढ्या वेगानं होऊ दे.

एका वाक्यात सांगितलं खरं, पण यात एक गोष्ट निसटते. 'शांत हो' म्हणतो तेव्हा आपण समोरच्याच्या मनाबद्दल बोलतो, 'दमानं घे' म्हणतो तेव्हा त्याच्या वेगाबद्दल. तुला राग आलाय, येऊ दे, भीती वाटतेय, वाटू दे, फक्त धावत सुटू नको. मला वाटतं हा शब्द एवढा टिकला तो यामुळेच, कारण तो माणसाला काय वाटावं हे ठरवत नाही. जिना चढणाऱ्या आजीलाही तो चालतो, पहिल्यांदा गाडी चालवणाऱ्यालाही चालतो आणि भांडायला निघालेल्या मित्रालाही. तिघांची मनःस्थिती वेगळी, सल्ला एकच.

२. यातला 'दम' म्हणजे काय? शब्द आला कुठून?

फारसीतून. फारसीत दम म्हणजे श्वास. त्यावरून पुढे श्वासाची ताकद, मग नुसती ताकद, मग हिंमत, मग थांबायची ताकद असे अर्थ फुटत गेले. एकदम, हरदम, बेदम, दमदार हे सगळे याच घरातले. 'हरदम' म्हणजे शब्दशः दर श्वासाला. 'बेदम मारलं' म्हणजे श्वास उरला नाही इतकं मारलं. दमा हा आजार पण इथलाच (त्याची एक वेगळी गंमत आहे, प्रश्न १३ बघा).

शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण तो कोश दरबारातल्या शब्दांचा. 'दम' हा काही दरबारात बसणारा शब्द नव्हे, तो चढावर, शेतात, आखाड्यात राहणारा, त्याला कोण हलवणार.

३. पण गीतेतही 'दम' आहे की. मग शब्द संस्कृत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे बरेचदा जरा चिडूनच विचारतात. तर: दोन वेगळे शब्द आहेत आणि दोन्ही मराठीत येऊन एकाच स्पेलिंगमध्ये राहतात.

संस्कृत 'दम' म्हणजे इंद्रियांवर ताबा. गीतेच्या सोळाव्या अध्यायात पहिल्याच श्लोकात दैवी संपत्तीच्या यादीत तो आहे, 'दानं दमश्च यज्ञश्च', आणि अठराव्या अध्यायात 'शमो दमस्तपः शौचं' असा परत येतो. ज्ञानेश्वरी (शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०) गीतेवरचीच टीका, त्यामुळे सोळाव्या अध्यायात ज्ञानेश्वर दमावर बोलतातच. वेदान्तात साधकाला लागणाऱ्या सहा गोष्टी सांगतात, शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, समाधान, त्यात शम म्हणजे मन आवरणं आणि दम म्हणजे बाहेरची इंद्रियं आवरणं. बृहदारण्यक उपनिषदात तर छान गोष्ट आहे. प्रजापती देव, माणसं आणि असुर तिघांनाही फक्त 'द' हे एक अक्षर सांगतो. देव त्याचा अर्थ घेतात 'दाम्यत', स्वतःला आवरा. माणसं घेतात 'दत्त', द्या. असुर घेतात 'दयध्वम्', दया करा. ज्याला जे कमी त्याला ते ऐकू आलं.

आता 'दमानं घे' मधला दम यातला कुठला? बोलण्यातला वापर बघितला तर फारसीच. दम लागतो, दम घेतो, दम धरतो, यात सगळीकडे श्वास आहे, इंद्रियनिग्रह कुठेच नाही. पण कीर्तनं-प्रवचनं ऐकत मोठ्या झालेल्या माणसाच्या कानात 'शम-दम' पण असतोच, त्यामुळे 'दम धर' म्हटल्यावर त्याला दोन्ही थोडं थोडं ऐकू येतं. मला यात काही अडचण वाटत नाही. दोन नद्या मिळाल्या, पाणी वेगळं काढत बसायचं कशाला.

४. 'दमाने' बरोबर की 'दमानं'?

दोन्ही. लेखात, निबंधात, परीक्षेत 'दमाने'. बोलताना आणि बोललेलं जसंच्या तसं लिहिताना 'दमानं'. केले आणि केलं, असे आणि असं, तसंच हे. फक्त एकाच वाक्यात 'दमाने घे, सगळं होईल' अशी भेसळ करू नका. आणि शेवटचा अनुस्वार विसरून 'दमान घे' असं टाइप करणारे खूप आहेत, ते मात्र चूकच.

५. दम धर, दम खा, दम काढ, दम घे... सगळ्यांचा अर्थ एकच ना?

जवळपास, पण एक नाही.

'दम धर' म्हणजे वाट बघ, आत्ता नाही, थोड्या वेळानं. यात समोरच्याला काहीतरी हवंय आणि ते मिळायला वेळ आहे असं गृहीत आहे. पोरगं चौथ्यांदा विचारतं निघायचं का, तेव्हा 'अरे दम धर जरा'.

'दम खा' हे त्याचंच जास्त बोलीतलं आणि जरा खरखरीत भावंड. यात थोडं 'गप बस की आता' पण मिसळलेलं असतं, त्यामुळे बरोबरीच्या माणसाला ठीक, मोठ्यांना नको.

'दम काढ' यात सोसणं आहे. परिस्थिती बरी नाही पण अजून थोडे दिवस काढायचेत. 'पगार होईपर्यंत दम काढ.' याच अर्थानं 'कळ काढ' पण म्हणतात.

'दम घे' हे वेगळं, यात खरोखरचा श्वास आहे. तू दमलायस, बस, पाणी पी, मग बोल. धावत येऊन बातमी सांगणाऱ्याला 'आधी दम घे' म्हणायचं, 'दम धर' नाही, कारण त्याला थांबवायचं नाहीये, फक्त धाप ओसरू द्यायचीय.

आणि 'दमानं घे' म्हणजे काम चालू ठेव पण सावकाश. थांब असं ते म्हणतच नाही. दम धर म्हणजे ब्रेक, दमानं घे म्हणजे गिअर खाली टाकणं, असं मी शिकवताना सांगतो आणि ते लोकांना पटकन कळतं.

६. मग 'दम दिला' म्हणजे धमकी दिली असं कसं? हा तर उलटाच अर्थ झाला!

झालाच. आणि मराठी शिकणारे इथेच आपटतात.

माझा हिशोब असा आहे (हा व्याकरणाचा नियम नाही, बघून बघून बांधलेला अंदाज आहे): दम स्वतःजवळ ठेवला की शांतपणा, दुसऱ्यावर सोडला की धमकी. धरणे, खाणे, काढणे, घेणे ही सगळी क्रियापदं दम आपल्याकडे ठेवतात. देणे आणि भरणे ही तो समोरच्याकडे पाठवतात. 'सरांनी दम दिला', 'वडिलांनी चांगलाच दम भरला', 'पोलिसांनी सज्जड दम दिला'. दमदाटी आणि दमबाजी पण याच बाजूचे. दमदाटीत तर 'दाटी'ने अजून जोर आणलाय.

म्हणजे शब्द तोच, क्रियापद बदललं की माणूस शांत करणारा आहे की घाबरवणारा हे बदलतं. त्यामुळे 'दम'चा अर्थ एकट्याचा पाठ करू नका, क्रियापदासकट पाठ करा.

७. 'दमानं घे' आणि 'दमात घे' यात काय फरक? टायपो आहे का?

टायपो नाही, दोन वेगळी वाक्यं आहेत आणि अदलाबदल झाली तर पंचाईत होईल. 'त्याला दमानं घे' म्हणजे त्याच्याशी सबुरीनं वाग, नवीन आहे, शिकेल. 'त्याला दमात घे' म्हणजे त्याला धाक दाखव, दरडाव. एका प्रत्ययात माणूस वाचतो किंवा मरतो.

हे मला कळलं ते एका अमराठी सहकाऱ्यामुळे. नव्या मुलाकडून काम होत नव्हतं, सगळे वैतागलेले, आणि याला सुचवायचं होतं की पोराला सांभाळून घेऊ या. तो मोठ्या आपुलकीनं म्हणाला, 'आपण त्याला दमात घेऊ.' मीटिंगमध्ये दोन सेकंद कोणी बोलेना. पोराचा चेहरा मला अजून आठवतो.

'एका दमात' मात्र तिसरंच, त्यात धमकी बिमकी काही नाही. एका दमात जिना चढला, एका दमात पुस्तक संपवलं, म्हणजे मध्ये न थांबता.

८. धीर आणि दम एकच ना? 'धीर धर' आणि 'दम धर' मी कुठेही वापरतो.

कुठेही वापरू नका. साध्या वाट बघण्यात दोन्ही चालतात, पण दुःखाच्या प्रसंगी फक्त धीर. ज्याच्या घरी कोणी गेलंय त्याला 'धीर धरा' म्हणतात. त्याला 'दम धरा' किंवा 'दमानं घ्या' म्हणणं म्हणजे तो रडण्याची घाई करतोय असं सुचवण्यासारखं आहे.

धीर मनाचा, दम छातीचा. धीर खचतो, सुटतो, एकवटतो, चेपतो. दम लागतो, तुटतो, संपतो. आणि दिल्यावर काय होतं बघा, 'धीर दिला' म्हणजे आधार दिला, 'दम दिला' म्हणजे धमकावलं (का ते प्रश्न ६ मध्ये). भाषांतर करणाऱ्यांनी ही जोडी लिहून भिंतीवर चिकटवावी इतकी ती महत्त्वाची आहे, कारण आईने मुलाला धीर दिला आणि आईने मुलाला दम दिला या दोन संपूर्ण वेगळ्या आया आहेत.

विरुद्धार्थी शब्दात पण फरक. धीर नसलेला तो अधीर. दम नसलेल्याला असा सुटसुटीत शब्द नाही, त्याला 'दम निघत नाही' म्हणावं लागतं, किंवा सरळ उतावळा, ज्याच्या गुडघ्याला बाशिंग.

९. संयम, सबुरी, निवांत, सावकाश हे मग कुठे बसतात?

संयम हा औपचारिक. भाषणात, बातमीत, सरकारी आवाहनात. घरात कोणी 'संयम ठेव' म्हटलं तर तो टोमणा तरी असतो नाहीतर बोलणारा नुकताच भाषण ऐकून आलेला असतो.

सबुरी अरबी 'सब्र'वरून. यात सोसणं आणि विश्वास दोन्ही आहे, श्रद्धेबरोबर तिची जोडी सगळ्यांना माहीतच आहे. 'सबुरीनं घ्या' हे 'दमानं घ्या' पेक्षा एक पायरी मऊ आणि थोडं वयस्कर.

सावकाश म्हणजे स + अवकाश, जागा ठेवून, वेळ ठेवून. यात फक्त वेग आहे, राग नाही. चिडलेल्या माणसाला 'सावकाश' म्हणत नाहीत, म्हटलं तर तो अजून चिडेल.

निवांत ही अवस्था आहे, सल्ला नाही. दमानं घेतल्यावर शेवटी जे मिळतं ते निवांत. आणि हल्लीची मुलं 'चिल मार', 'थंड घे' म्हणतात, 'थंड घे' तर 'दमानं घे'च्याच साच्यातून निघालंय असं मला वाटतं, क्रियापद तेच राहिलं.

१०. मोठ्या माणसांना किंवा साहेबांना 'दमानं घ्या' म्हटलं तर चालतं का?

काळजी म्हणून असेल तर बिनधास्त. 'काका, जरा दमानं, पायऱ्या ओल्या आहेत', 'आजी, दमादमानं चढ, घाई नाहीये', यात उलट जिव्हाळाच दिसतो. (दमादमानं असं दोनदा म्हटलं की थांबत थांबत असा अर्थ येतो.)

पण ते रागात असतील तर विचार करा. वयानं किंवा हुद्द्यानं मोठ्याला रागाच्या भरात 'दमानं घ्या' म्हणणं म्हणजे तुमचा तोल गेलाय हे तोंडावर सांगणं. तिथे आपल्याकडची पद्धत म्हणजे दोघांना एकत्र घालायचं, 'आपण जरा दमानं घेऊ या का सर', म्हणजे सल्ला वाटून जातो आणि कोणाच्या नाकाला लागत नाही. 'दम धरा' किंवा 'दम खा' तर अजिबात नको.

११. भडकलेल्या माणसाला 'दमानं घे' म्हटलं की तो अजूनच भडकतो. का?

कारण तुम्ही ते स्वतः दमानं म्हणत नाही.

खरंच, नव्वद टक्के भांडण इथे असतं (आकडा माझ्या मनाचा, मोजायला कोणी बसलं नाहीये). 'ए दमानं घे हां!' असं आवाज चढवून, बोट नाचवून म्हटलं की ते 'दम दिला'च्या बाजूला जातं, शब्द शांततेचा आणि सूर धमकीचा. त्या 'हां'मध्येच सगळं आहे. तोच शब्द हळू आवाजात, 'जरा' लावून, आणि शक्यतो नाव घेऊन म्हटला तर वेगळा ऐकू येतो. आणि आधी त्याचं म्हणणं मान्य करा, 'बरोबर आहे तुझं, पण दमानं घे'. 'बरोबर आहे तुझं' हे पहिले तीन शब्द गाळले की पुढचे वाया.

१२. दमानं घेणं म्हणजे राग गिळणं का?

नाही, ते दमन. हा संस्कृत शब्द, प्रश्न ३ मधल्या दमाचा सख्खा भाऊ, म्हणजे दाबून टाकणं. चळवळीचं दमन होतं, भावनांचं दमन होतं. दमानं घेणारा माणूस राग दाबत नाही, तो राग उद्या सकाळी, चार मुद्दे नीट लिहून, सांगायला येतो. समोरच्याला हे जास्त महागात पडतं हा भाग वेगळा.

१३. 'दमाने बेजार झाले' असं एका ठिकाणी वाचलं. शांतपणाने बेजार?

त्यांना 'दम्याने' म्हणायचं होतं. दम आणि दमा हे दोन्ही पुल्लिंगी, पण प्रत्यय लागताना रूप वेगळं होतं. दमचं होतं दमा: दमाने, दमाला, दमात. दमा या आजाराचं होतं दम्या: दम्याने, दम्याला, दम्याचा त्रास. घोडा-घोड्याने, तसं दमा-दम्याने.

उलट चूक पण सापडते, कोणीतरी मनापासून 'दम्यानं घे' लिहितं. वाचणाऱ्याला खोकला येतो.

१४. 'दम खा' आणि 'दमानं खा' यातला फरक सांगा, मुलगी गोंधळते.

'दम खा' मध्ये खायला काहीच नाही, थांबायचंय. 'दमानं खा' मध्ये खायला आहे, पण सावकाश, ठसका लागेल. मुलीला म्हणावं ताट समोर आहे का बघ, मग ठरव.

१५. 'दमलो' हे पण यातलंच का?

अर्थानं तर अगदी जवळचं, श्वास संपला की माणूस दमतो. दमणे म्हणजे थकणे, दमवणे म्हणजे दुसऱ्याला थकवणे, 'दमवलंस बाई आज'. दमछाक पण याच अर्थाची, फक्त ती स्त्रीलिंगी, दमछाक झाली.

थकलो आणि दमलो यात मी फरक करतो. दमलेला माणूस पाच मिनिटं बसला, दम घेतला की उठतो. थकलेला माणूस पाच मिनिटांत उठत नाही. सगळे असं पाळतात असं नाही, पण कान देऊन ऐका, वर्षानुवर्षांच्या थकव्याला कोणी 'दमलो' क्वचित म्हणतं, आणि म्हातारपणाला तर थकलेच म्हणतात, 'आता आबा थकले'. तिथे 'दमले' म्हटलं तर आबा नुकते कुठूनतरी चालत आले असं वाटेल.

१६. 'एकदम' मध्ये पण दम आहे, मग एकदम म्हणजे शांत का नाही?

कारण तिथे एकच दम आहे. फारसीत यकदम, एक श्वास, म्हणजे एका श्वासात होऊन गेलं, म्हणजे अचानक. तिथून मग सगळंच एकत्र (एकदम पैसे भरले) आणि पुढे 'अगदी' (एकदम मस्त). दमानं म्हणजे श्वास घेत घेत, एकदम म्हणजे श्वास न घेता. त्यामुळे 'एकदम नको, दमानं कर' हे वाक्य नीट ऐकलं तर त्यात एकच शब्द स्वतःशीच भांडतोय.

आणि हो, 'एकदम शांत झाला' यात दोन्ही अर्थ निघतात, अचानक शांत झाला किंवा पूर्ण शांत झाला. संदर्भ बघा, दुसरा इलाज नाही.

१७. हिंदीत 'दम से' म्हणजे जोरात. मराठीत 'दमाने' म्हणजे हळू. असं कसं?

एकच श्वास, हिंदीने त्यातली ताकद उचलली आणि मराठीने त्यातला वेळ. म्हणून हिंदीतून मराठीत करताना 'दम से बोलो' चं 'दमाने बोल' करू नका, अर्थ बरोब्बर उलटा होतो. 'जोरात बोल', 'ठासून बोल' करा.

तसंच 'अपने दम पर' चं 'स्वतःच्या दमावर' हल्ली सर्रास छापून येतं. चूक म्हणणार नाही, पण माझ्या कानाला खटकतं. स्वतःच्या बळावर, हिमतीवर, जिवावर असे आपल्याकडे तीन-तीन शब्द पडून आहेत. आणि 'नाक में दम' चं 'नाकात दम आणला' तर कृपा करून नको, आपल्याकडे नाकी नऊ येतात.

१८. 'यात काही दम नाही' आणि 'दम असेल तर समोर ये', हे कुठले दम?

ताकदीचे. पहिल्यात वजन, तथ्य: त्याच्या बोलण्यात दम नाही, म्हणजे पोकळ आहे. दुसऱ्यात हिंमत, आणि हे सरळ सरळ आव्हान आहे. बातम्यांतला 'दमदार पाऊस' आणि 'दमदार पुनरागमन' पण इथलेच. यांचा शांतपणाशी संबंध एवढाच की 'दम असेल तर ये' म्हणणाऱ्याला बाजूचा कोणीतरी 'दमानं घे रे' म्हणत असतो.

१९. कबड्डीतला दम आणि गाण्यातला दमसास, तिथे पण श्वासच ना?

तिथे तर अगदी चोख श्वास. कबड्डीत चढाई करणाऱ्याने 'कबड्डी कबड्डी' हा उच्चार एका श्वासात, स्पष्ट आणि न तोडता करायचा, त्यालाच दम म्हणतात. दम तुटला आणि तुम्ही विरुद्ध बाजूच्या अंगणात असाल तर बाद. आता चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहे, पण त्यातही दम टिकवावाच लागतो. आणि इथे एक मजा आहे, जो चढाईला गेल्या गेल्या जोरजोरात ओरडत सुटतो त्याचा दम आधी संपतो. मुरलेला खेळाडू आवाज बेताचा ठेवतो, पायही उगाच नाचवत नाही, रेषेवर येऊन समोरच्यांना जोखतो, आणि मग एकदम. म्हणजे दम असलेला माणूस दमानं खेळतो. हे दोन अर्थ एका जागी बघायचे तर मला कबड्डीच्या मैदानासारखी दुसरी जागा माहीत नाही.

दमसास म्हणजे श्वास टिकवण्याची क्षमता. लांब तान घेणाऱ्या गायकाचा, बासरीवाल्याचा, पोहणाऱ्याचा दमसास. रियाजानं वाढतो. याला नुसतं 'दम' म्हटलं तरी चालतं, पण दमसास म्हटलं की धमकीचा संशय राहत नाही.

२०. खरंच श्वास संथ केला की माणूस शांत होतो का, की नुसती भाषेची करामत?

भाषेत आहे ते शरीरातही आहे. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. घाबरला, चिडला की हा आकडा वाढतो, श्वास वरचेवर आणि उथळ होतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित कमी होतात, हे हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस नर्व्हचं काम. म्हणून उच्छ्वास लांबवला की ठोके संथ होतात. बाकी बहुतेक शरीरक्रिया आपल्या हातात नसतात (पोटाला सांगून बघा पचन हळू कर), श्वास मात्र आपोआपही चालतो आणि ठरवूनही बदलता येतो. म्हणजे 'दमानं घे' म्हणणारी आजी ज्या एका दोरीला हात घालता येतो तीच दोरी दाखवत होती. धाप नेहमीच लागत असेल तर मात्र हा शब्दाचा विषय नाही, डॉक्टरकडे जा.

२१. ऑफिसच्या मेलमध्ये 'कृपया दमाने घ्यावे' लिहू का?

नको. हसतील, किंवा दम दिला असं समजतील. 'थोडा अवधी द्यावा', 'कृपया प्रतीक्षा करावी', 'घाईने निर्णय घेऊ नये' यातलं काहीतरी घ्या. ग्रुपवर, ओळखीच्या लोकांत मात्र 'दमानं घेऊ, सोमवारी बघू' याच्याइतकं नेमकं काही नाही.

२२. इंग्रजीत भाषांतर काय करायचं? 'काम डाउन' चालेल?

बहुतेक वेळा नाही. 'काम डाउन' मनाला सांगतं, 'दमानं घे' वेगाला (प्रश्न १). 'टेक इट ईझी' जवळचं, आणि गंमत म्हणजे तिथे पण 'घे' आहे. जिन्यावरच्या आजीला 'स्लो डाउन' किंवा नुसतं 'ईझी'. 'दम धर' ला 'होल्ड ऑन'. सगळीकडे एकच शब्द टाकायचा हट्ट सोडला की काम सोपं होतं.

२३. दाम, दमडी, दमयंती, कदम, हे सगळे नातेवाईक का?

नाहीत. दाम हा द्रम्म या नाण्यावरून, आणि द्रम्म मूळचा ग्रीक ड्राख्मा. दमडी त्या पैशाच्या बाजूची. कदम म्हणजे पाऊल हा अरबी शब्द, त्यात 'क' आणि 'दम' अशी फोड करायची नाही.

दमयंती मात्र नातेवाईक आहे, पण संस्कृत दमाची. महाभारतातली गोष्ट अशी की विदर्भाच्या भीम राजाला मूल नव्हतं, दमन नावाच्या ऋषींनी वर दिला, आणि मग एक मुलगी आणि तीन मुलगे झाले, दमयंती, दम, दान्त आणि दमन. घरात चौघंही आवर घालणारेच, हाक मारताना त्या राजाचं काय होत असेल.

२४. 'दम मारायला वेळ नाही' म्हणालो तर समोरचा हसला. काय चुकलं?

चुकलं काही नाही. तुम्हाला म्हणायचं होतं श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि तो अर्थ आहे. पण 'दम मारणे' म्हणजे चिलमीचा झुरका घेणे हाही अर्थ तेवढाच जुना आणि जास्त प्रसिद्ध. सासरच्या मंडळींत 'श्वास घ्यायला वेळ नाही' म्हणा.

२५. 'दमानं घे' कौतुकासाठी पण वापरतात का? क्रिकेट बघताना कोणीतरी सिक्सवर म्हणालं.

हो, हा नवा आणि मस्त वापर आहे. कोणी भलतंच भारी काही केलं, धडाधड सिक्स मारले, फोटोत फारच चिकणा दिसला, की 'अरे दमानं!' म्हणतात. अर्थ थांब असा नाही, अर्थ आम्हाला झेपत नाहीये. इथे बहुतेक 'घे' गळतं, 'जरा' किंवा 'भाऊ' येतो, आणि सूर वर जातो. याला उत्तर म्हणून कोणी खरंच सावकाश खेळायला लागला तर त्याला मराठी अजून नीट आलेली नाही.